विश्लेषण : मुलांचा दमा कायमचा बरा होतो का? ‘बरे वाटते’ म्हणून इन्हेलर बंद करणे धोक्याचे का?

नाशिकमध्ये २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीसाठी रस्त्यांची खोदाई आणि बांधकामे सुरू आहेत. त्यात गोदाकाठची थंडी आणि द्राक्षबागांमधील फवारणीचा हंगाम आला की मुलांचा खोकला आणि रात्रीची धाप हा अनेक घरांतला विषय होतो. डॉक्टरांनी ‘दमा’ हा शब्द उच्चारला की पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘हा मुळापासून जाईल ना?’ याच प्रश्नाच्या उत्तरात होणारी गल्लत मुलांच्या जिवावर बेतू शकते. ती कशी, याविषयी…

दमा म्हणजे नेमके काय?

दमा हा श्वासनलिकांना दीर्घकाळ सूज राहण्याचा आजार आहे. सुजलेल्या नलिका अतिसंवेदनशील होतात. धूळ, धूर, थंड हवा, परागकण किंवा साध्या सर्दीचा विषाणू एवढे निमित्त त्यांना पुरते. नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आत चिकट कफ साचतो आणि हवेची वाट अरुंद होते. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, पहाटे खोकल्याची ढास लागते, मूल खेळताना मध्येच थांबते.

यात महत्त्वाची बाब अशी, की धाप थांबली तरी सूज ओसरलेली असतेच असे नाही. झटका दिसतो, सूज दिसत नाही. म्हणूनच दोन झटक्यांच्या मधल्या काळात आजार ‘गेला’ असे वाटते.

निदानाला उशीर का होतो?

पाच वर्षांखालील मुलांमध्ये दम्याचे निदान पक्के करणारी एकच अशी चाचणी नाही. या वयात विषाणूसंसर्गामुळेही छाती वाजते आणि अशा अनेक मुलांना पुढे दमा होत नाही. साधारण पाच-सहा वर्षांनंतर मूल फुंकर मारून स्पायरोमेट्री करू शकते. तोवर लक्षणांची पुनरावृत्ती, घरातील दमा किंवा अ‍ॅलर्जीचा इतिहास आणि औषधाला मिळणारा प्रतिसाद यांवरून डॉक्टर अंदाज बांधतात.

त्यातच ‘दमा’ हा शब्द टाळण्याकडे कल असतो. ‘अ‍ॅलर्जिक खोकला’, ‘बाळदमा’, ‘छाती भरणे’ अशी सौम्य नावे दिली जातात. मुलीच्या लग्नात अडचण येईल या भीतीने आजार लपवलाही जातो. पुण्यासह देशातील नऊ केंद्रांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’च्या पाहणीत, छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के जणांना दम्याचे निदान झालेलेच नव्हते. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात असताना दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. या तफावतीमागे निदान आणि नियमित उपचारांचा अभाव ही मोठी कारणे मानली जातात.

मग दमा बरा होतो का?

दमा कायमचा नाहीसा करणारे औषध आज कोणत्याही उपचारपद्धतीत सिद्ध झालेले नाही. मात्र वय वाढते तशी अनेक मुलांची लक्षणे कमी होतात किंवा थांबतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे १९६४ पासून काही मुलांचा वयाच्या पन्नाशीपर्यंत मागोवा घेण्यात आला. लहानपणी सर्दीपुरतीच अधूनमधून छाती वाजणाऱ्यांपैकी बहुसंख्य पुढे लक्षणमुक्त झाले. ज्यांचा दमा बालपणीच तीव्र होता, त्यांच्यात मात्र हे प्रमाण जेमतेम १५ टक्के होते.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. सुमारे २७ टक्के मुलांची घरघर थांबली आणि २६व्या वर्षापर्यंत परतली नाही. पण सुमारे १२ टक्के जणांमध्ये ती थांबून पुन्हा सुरू झाली. त्यामुळे डॉक्टर ‘बरा झाला’ म्हणण्याऐवजी ‘लक्षणे शमली आहेत’ असे म्हणतात. शमलेला दमा धूम्रपान, धुळीचा व्यवसाय किंवा एखाद्या संसर्गाने पुन्हा डोके वर काढू शकतो.

इन्हेलर बंद केल्यास काय होते?

दम्याची औषधे दोन प्रकारची. सालब्युटामॉलसारखे ‘रिलीव्हर’ आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते, पण सूज घालवत नाही. ब्युडेसोनाइडसारखे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड, म्हणजे ‘कंट्रोलर’, सूज उतरवते. त्याचा परिणाम हळूहळू, नियमित वापरानेच दिसतो. लगेच गुण देणारे औषध खरे आणि रोजचे औषध निरुपयोगी, असा समज होतो तो यामुळेच.

अमेरिकेत दोन-तीन वर्षांच्या, दम्याचा धोका अधिक असलेल्या २८५ मुलांवरील अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कंट्रोलर सुरू असेपर्यंत मुलांचा त्रास कमी राहिला. औषध थांबवल्यानंतरच्या वर्षात तो फायदा टिकला नाही. म्हणजे इन्हेलर आजार पुसून टाकत नाही, पण आवरून धरतो. तो आवरलेला असतानाच मूल शाळेत जाते, पळते, शांत झोपते. साधारण तीन महिने लक्षणे आटोक्यात राहिली तर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करता येते. तो निर्णय डॉक्टरांनी तपासून घ्यायचा असतो.

केवळ रिलीव्हरवर भागवणेही धोक्याचे आहे. ‘जिना’ या दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक संस्थेने २०१९ पासून १२ वर्षांवरील रुग्णांना फक्त सालब्युटामॉलवर ठेवू नये, अशी शिफारस केली आहे.

इन्हेलरची सवय लागते का? उंची खुंटते का?

इन्हेलरचे व्यसन लागत नाही. सालब्युटामॉलच्या एका झोताची मात्रा १०० मायक्रोग्रॅम असते आणि सर्वसाधारण गोळीची दोन मिलिग्रॅम, म्हणजे वीसपट. इन्हेलरमधील औषध थेट श्वासनलिकेत जाते. गोळी किंवा सिरप सर्व शरीरात फिरते आणि त्यामुळे हात थरथरणे, छातीत धडधडणे असे त्रास अधिक होतात. तरीही ‘आधी सिरप, इन्हेलर शेवटचा उपाय’ असा उलटा क्रम घरोघरी दिसतो.

उंचीबद्दलची शंका निराधार नाही, पण तिचे माप लक्षात घ्यावे. अमेरिकेतील ‘कॅम्प’ अभ्यासात काही वर्षे ब्युडेसोनाइड घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी आढळली. दम्याचे वारंवार झटके, त्यासाठी पोटातून घ्यावी लागणारी स्टेरॉइड आणि अपुरी झोप यांची किंमत त्याहून मोठी असू शकते. म्हणून परिणाम साधणारी कमीत कमी मात्रा देणे आणि उंची नियमित मोजणे, हा मार्ग आहे.

बहुतेक मुलांना इन्हेलर स्पेसरमधून द्यावा, अगदी लहानांना मास्क जोडून. इन्हेलर हलवावा, एका वेळी एकच झोत सोडावा, पाच-सहा श्वास घेऊ द्यावेत आणि स्टेरॉइडनंतर चूळ भरायला लावावी. औषध ‘लागू पडत नाही’ असे वाटते तेव्हा अनेकदा चूक या पद्धतीत असते.

नाशिकमध्ये काळजी कशाची?

नाशिक हे २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहर आहे. हवेतील पीएम १० धूलिकणांसाठी देशाचे वार्षिक मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेचे १५ आहे. म्हणजे देशाचे मानक पाळले तरी दमेकरी मुलासाठी हवा निर्धोक होतेच असे नाही. कामाच्या जागी पाणी मारणे, राडारोडा झाकून नेणे, खोदलेला रस्ता वेळेत बुजवणे ही कामे त्यामुळे आरोग्याचीही ठरतात. तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला २०२५च्या अखेरीस झालेल्या विरोधामागेही शहराच्या हवेची चिंता होतीच.

निफाड, दिंडोरी भागात छाटणीनंतर द्राक्षबागांवर फवारण्या सुरू होतात आणि पुढे कडाक्याची थंडी येते. फवारणीच्या वेळी दमेकरी मुलाला बागेपासून दूर ठेवावे. रस्त्याकडेच्या गाजरगवताचे परागकण, पावसाळ्यात ओल्या भिंतींवरची बुरशी, चुलीचा धूर आणि घरातील विडी-सिगारेट हेही नेहमीचे शत्रू. डासांच्या एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचे एका अभ्यासात आढळले होते. मच्छरदाणी हा त्याला सोपा पर्याय आहे.

‘दमा मुळापासून’च्या दाव्यांचे काय?

हैदराबादला मृग नक्षत्राच्या सुरुवातीला दिला जाणारा मासळीचा ‘प्रसाद’ आणि राज्यात अनेक ठिकाणी कोजागिरीच्या रात्री खिरीतून दिले जाणारे औषध यांसाठी आजही रांगा लागतात. श्रद्धा हा ज्याचा त्याचा प्रश्न. धोका तेव्हा निर्माण होतो, जेव्हा त्यासाठी रोजचा इन्हेलर थांबवला जातो. औषध नियम, १९४५च्या ‘अनुसूची जे’मध्ये दम्याचा समावेश आहे. या यादीतील आजार आपले औषध बरा करते, असा दावा उत्पादकाला करता येत नाही. ‘हमखास’ आणि ‘कायमचा’ हे शब्द दिसले की सावध व्हायला हवे.

खर्चाचा प्रश्न कसा सुटणार?

ब्युडेसोनाइड आणि सालब्युटामॉल ही दोन्ही औषधे २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. मात्र महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. झटका आल्यावर योजना मदतीला येऊ शकते, पण झटका टाळणारा महिन्याचा इन्हेलर बहुधा खिशातूनच घ्यावा लागतो. मोलमजुरी करणाऱ्या घरात मूल बरे दिसताच तोच खर्च आधी कापला जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रांत कंट्रोलर इन्हेलर आणि स्पेसर सातत्याने मिळणे, हा यावरचा थेट उपाय आहे.

पालकांनी आणि शाळेने काय करावे?

सहा वर्षांवरील मुलाला आठवड्यात दोनपेक्षा अधिक वेळा रिलीव्हर लागत असेल किंवा दम्याने रात्री जाग येत असेल, तर दमा आटोक्यात नाही, असे समजावे. रोजचे औषध कोणते, झटक्यात किती झोत द्यायचे, रुग्णालय कधी गाठायचे, हे डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्यावे आणि त्याची प्रत, रिलीव्हर व स्पेसर शाळेत ठेवावा. खेळाच्या तासाला मुलाला बाकावर बसवून ठेवू नये. म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १९७२ साली जलतरणात सात सुवर्णपदके जिंकणारा मार्क स्पिट्झ हाही दम्याचा रुग्ण होता.

बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडले असतील किंवा रिलीव्हर देऊनही आराम नसेल, तर वाट पाहू नये. मुलाला बसते ठेवून रिलीव्हर सुरू ठेवावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दमलेल्या मुलाच्या छातीतला आवाज अचानक बंद होणे ही सुधारणा नसून, हवा आत जाणेच थांबत आल्याची खूण असू शकते.