हेलपाटा नको म्हणणारी आमची आई

या सदरात आम्ही आजवर इतरांच्या आईवडिलांविषयी लिहिले. आज आमच्याच आईविषयी लिहायची पाळी आली आहे आणि हात जड झाला आहे. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, २०२४ साली आई आजऱ्यात कालकथित झाली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माणसे मांडवात मावली नाहीत. नात्यागोत्याची थोडी; गवसे, पेरणोली, उत्तूर अशा गावांतून आपणहून आलेलीच जास्त, आणि त्यांतली कितीतरी आपल्या समाजाची नव्हती. एका धनगर आजीने कनवटीची पिशवी सोडून घडी पडलेला कागद आमच्या हातात ठेवला. "बाईंनी लिवून दिल्याली हाय. काम झालं, पर टाकू वाटंना," म्हणाली.

आई महसूल खात्यात कारकून म्हणून लागली आणि १९९८ साली अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाली. साहेब झाली नाही, गाडी मिळाली नाही. गडहिंग्लज, चंदगड, गारगोटी, पुन्हा आजरा अशा बदल्या एस.टी.च्या पासावर केल्या. पण त्या चिठ्ठ्या तिने किती लिहिल्या असतील, याचा हिशेब कोणापाशीच नाही.

त्यामागे आमचे आजोबा होते. एका दाखल्यासाठी ते पाच वेळा कचेरीत गेले होते. पाच दिवसांची मजुरी बुडाली. उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, आतून आवाज यायचा, "उद्या ये." काय कमी आहे ते कोणी सांगत नसे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, आपल्या लोकांतलेही तलाठी केले, हे आजोबांनी ऐकलेले होते. आजरा तेव्हा इचलकरंजीच्या जहागिरीत. तरी "आपलं माणूस कागदापाशी बसलं पाहिजे" हे त्यांनी तेव्हापासून मनात धरले, आणि पोरगी हुशार निघाली तशी तिलाच शिकवले. १९५६ साली १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली तेव्हा आई सोळा वर्षांची होती. पुढे आमच्या वस्तीनेही दीक्षा घेतली. घरातले देव हिरण्यकेशीत सोडायला आजोबांबरोबर आईच गेली होती.

नोकरीत तिने आपल्यापुरता एक कायदा केला. समोर आलेल्या माणसाला दुसरा हेलपाटा पडता कामा नये. काम आज होण्यासारखे नसेल तर ती जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून द्यायची. कोणता कागद आणायचा, सही कोणाची, तलाठी सज्जावर कोणत्या वारी भेटतील, कोणत्या टेबलाशी जायचे, सगळे. आणि खाली आपले नाव. माणसाला वाचता येत नसेल तर, "हे पोराला नाहीतर मास्तरांना दाखवा," म्हणायची. १९८० साली संजय गांधी निराधार योजना आली आणि म्हाताऱ्या बायकांची रीघ लागली. आजऱ्याचा पाऊस वाचकांना माहीत असेलच. आषाढ-श्रावणात घोंगडीची खोळ घेऊन चार-चार कोस चालत बाया यायच्या. आई त्यांना आधी बसवायची, मग कागद मागायची. निवृत्तीनंतर हेच काम आमच्या ओट्यावर चालू राहिले, आणि चहाचा खर्च पेन्शनीतून.

तिला सगळे गोड होते असे नाही. एका कचेरीत पहिली काही वर्षे तिचा पाण्याचा पेला वेगळा ठेवलेला होता. तिने भांडण केले नाही. घरून तांब्या न्यायला लागली आणि टेबलावर सगळ्यांसमोर ठेवायला लागली. महिन्याभरात एक शिपाई त्या तांब्यातले पाणी मागू लागला. आम्हांला हे तिने हसत सांगितले, पण तो तांब्या तिने शेवटपर्यंत कोणाला वापरू दिला नाही.

आता घरातल्या भांडणाविषयी. ते लिहू नये असे धाकट्या बहिणीचे म्हणणे होते. दादा म्हणाला, "लिही." म्हणून लिहितो.

तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलतीला माणूस हिंदू असावा लागे. १९५६ साली त्यात शीख आले, बौद्ध आले नाहीत. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने बौद्धांना सवलती दिल्या, आणि आई त्याच सवलतीवर नोकरीला लागली. केंद्राच्या नोकऱ्यांना, म्हणजे पोस्ट, रेल्वे वगैरेंना, हे लागू नव्हते. त्यामुळे आपल्यात कित्येकांनी घरात बुद्धवंदना म्हटली आणि दाखल्यावर 'हिंदू महार' लिहिले. आम्ही त्यांना नावे ठेवत नाही. पोट होते.

दादा मॅट्रिक चांगल्या मार्कांनी पास झाला होता. १९८३ साली त्याने केंद्राच्या एका नोकरीचा अर्ज आणला. दाखल्यावर जुनी जात लिहून आणली तर काम होईल, असे आईला तिच्याच सोबतच्या एकाने सुचवले. कागदाचे सगळे मार्ग तिला माहीत. आई नाही म्हणाली. "तुझ्या आजोबांनी देव नदीत सोडले, ते मी सहीसाठी परत काढू?" एवढेच बोलली. दादा म्हणाला, "साऱ्या आजऱ्याचे कागद करतीस, पोराचा तेवढा होत नाही." खुल्या जागांतून त्याचा नंबर लागला नाही. तो इचलकरंजीला मागावर गेला, आणि तीन वर्षे दिवाळीला घरी आला नाही.

१९९० साली केंद्राने कायदा बदलला आणि बौद्धांना सवलत मिळाली. वस्तीत पेढे वाटले. आईने पेढा घेतला आणि दादाला पत्र लिहिले. दादाचे वय बसत होते, पण पुस्तक सुटून सात वर्षे झाली होती, पदरात दोन पोरे आणि रात्रपाळी. त्याने उत्तर पाठवले नाही. चूक कोणाची, हे आम्हांला आजही ठरवता येत नाही. आई बरोबर होती असे आम्ही मोठ्याने म्हणतो. पण फळी दादाने उचलली, आम्ही नाही.

पुढे दादाच्या मुलीच्या जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागला. आईने आजोबांच्या शाळेचा जुना उतारा ट्रंकेतून काढून दिला. त्यावर 'महार' लिहिलेले आहे. नात म्हणाली, "आज्जी, हे चालतंय होय?" आई म्हणाली, "हे होतं ते आहे. ते लपवायचं नाही. मी नव्यानं लिहून देणार नव्हते." त्या दिवशी दादा दारातच बसून होता. आईने त्याला जेवायला वाढले. तेव्हापासून तो महिन्याला येऊ लागला, आणि शेवटचे चार महिने तिच्या उशाशी तोच होता.

कार्यक्रमानंतर आम्ही भावंडांनी ट्रंक उघडली. कागद वर्षवार लावलेले, दोऱ्याने बांधलेले. १९९० च्या कायद्याच्या बातमीचे कात्रण होते. त्याखाली जातीच्या दाखल्याचा एक छापील अर्ज, पिवळा पडलेला. वर दादाचे पूर्ण नाव आईच्या अक्षरात. पुढची सगळी जागा कोरी.

दादाने तो उजेडाला नेऊन पाहिला. "म्हणजे आणला होता तिनं," म्हणाला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वहिनीने चहा आणला.

अर्ज दादाने परत त्याच दोऱ्यात बांधला. ट्रंक सध्या इचलकरंजीला त्याच्याकडे आहे.