मापाचे भूत

शीर्षक वाचून कुणाला भुताखेताची गोष्ट वाचायला मिळेल असे वाटले असेल, तर त्याची निराशा होणार आहे. हे भूत पिंपळावर राहत नाही. ते आपल्या विरार लोकलच्या डब्यात, दाराजवळच्या पत्र्यावर चिकटवलेल्या चिठोऱ्यात राहते. 'छोटापन, टेढापन, कमजोरी. शर्तिया इलाज' अशी हिंदी अक्षरे आणि खाली फोन नंबर. नायगाव सुटून गाडी खाडीच्या पुलावर आली, की सगळे वाऱ्याला तोंड देतात आणि एखादा मुलगा मात्र चोरून तो नंबर पाठ करतो. दोन वर्षांपूर्वी तो मुलगा मी होतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील वालीवला एका गाळ्यात प्रेस मशीनवर काम करतात. 'पुस्तकांना हवेत' असे सांगून मी त्यांच्याकडून १५०० रुपये घेतले. कोणती पुस्तके, हे त्यांनी विचारले नाही. त्या पैशांचे एक तेल आणि काळ्या गोळ्यांची डबी आली. तेलाने कातडीची आग झाली. बाकी काही झाले नाही. सांगायला लाज वाटते, पण ही लाजच त्या धंद्याचे भांडवल आहे. म्हणून ती आज मोडून टाकतो.

आपले लिंग लहान तर नाही ना, ही शंका वयात येणाऱ्या बहुतेक मुलांना कधी ना कधी छळते. ती विचारायची कुणाला? या अवयवासाठी आपल्याकडे दोनच प्रकारचे शब्द आहेत. एक शिवीतले, दुसरे संस्कृतातले. पहिले गुरुजनांसमोर उच्चारता येत नाहीत आणि दुसरे मित्रांत उच्चारले तर हशा पिकतो. शाळेत प्रजननाचा धडा आला तेव्हा 'हा घरी वाचून घ्या' असे सांगण्यात आले. घरी आम्ही एका खोलीत पाच जण! मग मोबाईलवरच्या अश्लील चित्रफिती गुरू झाल्या. त्यांतले पुरुष मुद्दाम निवडलेले असतात, हे कोणी सांगितले नाही. सर्कशीतल्या पहिलवानाला पाहून आपण आपल्या दंडाला आजारी म्हणत नाही; येथे मात्र तेच करतो.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील पंधरा हजारांहून अधिक पुरुषांची मापे एकत्र केली. ती मापे पुरुषांनी स्वतः सांगितलेली नव्हती, तर आरोग्यसेवेतील माणसांनी घेतलेली होती. ताठर अवस्थेतील सरासरी लांबी निघाली सुमारे १३ सेंटिमीटर, म्हणजे पाच इंचांहून जराशी अधिक. शिथिल अवस्थेत सुमारे ९. बहुसंख्य पुरुष ताठर अवस्थेत १० ते १६ सेंटिमीटरच्या दरम्यान बसतात. शिथिल असताना लहान दिसले म्हणजे ताठर झाल्यावरही लहानच राहील, असे नाही. शिवाय आपण स्वतःकडे वरून पाहतो, दुसऱ्याकडे समोरून. त्यामुळे आपले नेहमी लहानच दिसते. वैद्यकशास्त्र ज्याला खरोखर लहान म्हणते असे लिंग फार थोड्यांचे असते, आणि त्यांची जागा डॉक्टरांकडे आहे, चिठोऱ्यावरच्या नंबराकडे नव्हे.

राहता राहिला सुखाचा प्रश्न. मी अविवाहित आहे, तेव्हा अनुभवाचा आव आणत नाही. वाचले ते सांगतो. स्त्रीच्या सुखाचे मुख्य केंद्र शिश्निका हा बाहेरचा अवयव आहे आणि योनीचाही बाहेरचा भागच अधिक संवेदनशील असतो. म्हणजे ज्या खोलीची चिंता पुरुष करतो, तेथे फारसे काही अडलेले नसते. २००६ साली पन्नास हजारांवर स्त्री-पुरुषांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत आपल्या जोडीदाराच्या मापाबद्दल ८५ टक्के स्त्रिया समाधानी होत्या. स्वतःच्या मापाबद्दल समाधानी असणारे पुरुष मात्र ५५ टक्केच! जिच्या सुखासाठी ही सारी काळजी, तिला विचारण्याचे कोणाला सुचत नाही. फूटपट्टी शोधण्यापेक्षा 'तुला काय आवडते, काय नको' हे विचारण्याचे धैर्य शोधावे, हे माझ्या अल्पमतीप्रमाणे खरे पौरुष होय.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. वाचक त्यांना लाजेकाजेचे प्रश्न पाठवीत आणि ते सरळ मराठीत उत्तरे देत. त्या उत्तरांपायीच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण विचारणाऱ्याला उत्तर मिळाले पाहिजे, हा मुद्दा हरला असे मी मानत नाही. पुढे मुंबईचेच डॉ. महिंदर वत्स २०२० साली वयाच्या ९६ व्या वर्षी निधन होईपर्यंत हेच काम करीत होते, आणि त्यांच्याकडेही मापाचा प्रश्न पुनःपुन्हा येई. सत्तर-ऐंशी वर्षे तोच प्रश्न! दोष विचारणाऱ्यांचा की गप्प बसणाऱ्यांचा?

विनोद असा, की उत्तर देणारे कर्वे दंड भरतात आणि खोटे उत्तर विकणारे मोकळे फिरतात. कामशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. लिंगाचा आकार वाढवतो असा दावा कोणत्याही औषधाने करू नये, असेही औषधविषयक नियमांत नमूद आहे. तरी चिठोरी चिकटतच राहतात. कारण फसलेला मुलगा तक्रार करायला जाईल कसा? तेथेही प्रथम तोच शब्द उच्चारावा लागेल.

म्हणून माझी प्राध्यापकवर्गाला नम्र विनंती आहे. दरवर्षी जूनमध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी एका डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे. प्रश्न नाव न घालता चिठ्ठीवर घ्यावेत. विद्यार्थिनींसाठीही ठेवावे, त्यांच्याही मनात अशी भुते असणारच. ग्रंथालयात डॉ. विठ्ठल प्रभू यांचे 'निरामय कामजीवन' कपाटात कुलूपबंद न ठेवता मांडणीवर ठेवावे.

हा अंक मी घरी नेणार आहे. वडील चौथीपर्यंत शिकलेले. अक्षर लावत लावत, सावकाश वाचतात. या पानापर्यंत आले म्हणजे त्यांना १५०० रुपयांचा हिशेब कळेल. ते रागावतील. पण 'तू मला का नाही विचारलेस?' असे ते म्हणाले, तर मी काय उत्तर द्यावे, याचा मी अजून विचार करतो आहे.

(द्वितीय वर्ष, कला शाखा)