रंग नंतर, आधी ब्रेक बघा

गणपती जवळ आले की गॅरेजांसमोर जुन्या गाड्यांची रांग लागते. सुमो, बोलेरो, क्वालिस, सफारी, स्कॉर्पिओ. कुणाच्या दाराचा पत्रा खालून कुजलेला, कुणाच्या बॉनेटवरचा रंग उडालेला, कुणाचे हेडलाइट पिवळे पडलेले. मालक म्हणतो, "गावाला जायचंय, जरा चकाचक करून द्या." तुम्हीही या आठवड्यात हेच सांगायला निघाला असाल, तर दोन मिनिटं थांबा. हे वाचा आणि मग जा.

एकच विनंती आहे. रंगाचे पैसे देण्याआधी गाडीची चारही चाकं उतरवून घ्या. आतले ब्रेक स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

हे मी अनुभवातून सांगतोय. काही वर्षांपूर्वी आमच्या जुन्या गाडीला मी हौसेने नवा रंग दिला. सगळं डेंटिंग-पेंटिंग झालं, नवे फूटरेस्ट बसवले, गाडी आरशासारखी चमकायला लागली. पैसे तिथेच संपले. ब्रेकचं काम "दिवाळीनंतर बघू" म्हणून राहिलं. महिन्याभरात कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालो. गाडीत आम्ही सातजण, टपावर सामान. आंबा घाट निम्मा उतरलो आणि ब्रेकचा पेडल पायाखाली मऊ लागला. पुन्हा दाबला, तर आणखी खाली गेला. मागे माझी आई बसली होती. तिच्या मांडीवर माझी मुलगी. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती म्हणून वाचलो. पहिला टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. नवा रंग डावीकडून पार खरवडला गेला. माणसं सगळी धड होती.

साखरप्याच्या मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आतलं ऑइल कोऱ्या चहासारखं काळं. तो एवढंच म्हणाला, "दादा, गाडी नवी केलीत. हे कधी बदललं होतंत?" मला आठवेना.

तुम्हाला आठवतंय का? आत्ता, हे वाचता वाचता आठवून बघा. तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डबीचं झाकण घट्ट असलं तरी रबरी नळ्यांमधून, सीलमधून वर्षभर थोडं थोडं पाणी आत शिरत राहतं. आपल्याकडे चार महिने पाऊस. कोकणात तर हवाच ओली. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पाणी मुरलं की हाच आकडा १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ असेल तर २३० वरून १५५. सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. घाटात कळतं. ब्रेक तापतात, ऑइलमधलं पाणी उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात. मग तुम्ही पेडल दाबता तेव्हा ती वाफच दाबली जाते. चाकापर्यंत जोर पोचतच नाही.

घाटात किती उष्णता तयार होते, माहीत आहे? माणसं आणि सामान धरून अडीच टनांची गाडी सहाशे मीटर खाली आणायची आहे, असं समजा. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना साधारण एवढंच खाली येतो आपण. नुसत्या ब्रेकवर ती गाडी उतरवली, तर जवळजवळ पन्नास लिटर साधं पाणी उकळीला येईल एवढी उष्णता त्या चार चाकांत साठते. तीन-चार घागरी पाणी! आणि ती पेलायला पुढे हाताच्या पंजाएवढे चार पॅड आणि मागे दोन ड्रममधले लायनर. ते झिजलेले असतील तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. वरून भर टाकून चालत नाही. जुनं सगळं काढून टाका, नवं भरा आणि चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून घ्या. डबीच्या झाकणावर लिहिलेलं असेल त्याच प्रतीचं वापरा, आणि सीलबंद बाटली समोर फोडायला लावा. कुणी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं ऑइल त्या डबीत ओतायला निघाला तर त्याचा हात धरा. त्या तेलाने आतली रबरं फुगतात आणि सगळे ब्रेक बसतात.

आता गंजाविषयी. आपण पत्र्याचा गंज बघतो, कारण तो दिसतो. तोच गंज गाडीच्या पोटाखालीही असतो. तिथून मागच्या चाकांकडे बोरूएवढी लोखंडी ब्रेक पाइप गेलेली असते. तिच्यावर चिखल बसतो, किनाऱ्याकडे खारा वारा लागतो. पंधरा-वीस वर्षांत ती आतून-बाहेरून खाल्ली जाते. एरवी निमूट चालते. ऐन वेळी तुम्ही सगळा जीव एकवटून ब्रेक दाबता, नेमका त्याच क्षणी तिच्यावर सगळ्यात जास्त दाब येतो. आणि ती तिथेच फुटते.

गाडी रॅम्पवर घेतलीच आहे, तर मेकॅनिकबरोबर तुम्हीही खाली उतरा. मोबाइलची बॅटरी लावा. पाइपवरून बोट फिरवा. पापुद्रे हाताला आले, तर ती बदलाच. चाकांजवळच्या रबरी नळ्या वाकवून बघा. चिरा दिसल्या, फुगवटा दिसला, तर त्याही बदला. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलेंडरच्या रबराखाली ओल दिसली तर समजा, ऑइल लायनरवर उतरतंय. भिजलेला लायनर धरत नाही, तो पुसूनही उपयोग नाही. नवा घाला, आणि एका बाजूचा बदलला तर दुसऱ्या बाजूचाही बदला. नाहीतर ऐन ब्रेकच्या वेळी गाडी एकीकडे ओढेल. डिस्क आणि ड्रमवर किती झीज चालते, त्याची मर्यादा बहुतेक वेळा कोरलेली असते. ती वाचून घ्या. लेथवर आणखी एकदा घासून भागेल, असं म्हणू नका.

इथे गॅरेजवाल्या भावांना एक कळकळीचं सांगणं. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. तुमच्याकडे हाताखाली काम शिकणारी पोरं असतात, त्यांचं तोंड नेमकं त्या ड्रमसमोर असतं. ओल्या फडक्याने पुसा. ही पोरंही कुणाच्या तरी घरची आहेत.

रंग देऊच नका, असं मी मुळीच म्हणत नाही. द्या, जरूर द्या. १९९४ मध्ये सुमो आली, टाटांच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं घेऊन आली, आणि तेव्हापासून या उंच गाड्यांनी महाराष्ट्रातल्या किती वराती, किती बाळंतिणी, किती आजारी माणसं वाहिली, याला हिशेब नाही. अशा गाडीवर माया असणारच. पण ती माया नीट करा. कुजलेल्या पत्र्यावर पुट्टी थापून गंज झाकू नका. तो आतून वाढत राहतो आणि दोन पावसाळ्यांत रंगासकट फुगून वर येतो. कुजलेला भाग कापा, नवा पत्रा जोडा. उरलेला गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, प्रायमर द्या आणि मगच रंग. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात. ती चिखलाने बुजलेली असतील तर तारेने मोकळी करा. गाडीच्या पोटाला काळा कोट मारणार असाल, तर ओल्या गंजावर मारू नका, आणि ब्रेकच्या ड्रम-डिस्कवर त्याचा शिंतोडा उडू देऊ नका. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा घासून साफ करून घ्या, मागचे रिफ्लेक्टर आणि ब्रेक लाइट चालू करा. रात्री धुक्यात तुमच्या मागून येणाऱ्याला तेवढंच दिसतं. पुढे लोखंडी बुल बार लावू नका. केंद्र सरकारने २०१७ मध्येच त्याला मनाई केली आहे, आणि रस्त्यावरच्या चालत्या माणसाला तो जीवघेणा ठरतो. मूळ रंगाऐवजी वेगळा रंग देणार असाल, तर आरसीवर त्याची नोंद करून घ्या.

पण क्रम चुकवू नका. ब्रेकचं काम आधी, रंग मागून. याला व्यवहाराचंही कारण आहे. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं की रंग उचलतो. रंग आधी करून घेतलात तर ब्रेकच्या कामात तोच खराब होईल. आणि खिशात एकाच कामाचे पैसे असतील, तर रंग राहू द्या. गावातली माणसं उडालेल्या रंगावरून तुम्हाला नावं ठेवणार नाहीत. तुम्ही सुखरूप आलात, याचाच त्यांना आनंद आहे.

"आमची गाडी पासिंगला पास झालीय," असं कुणी म्हणेल. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी. पण पाच वर्षांत लायनर किती झिजतात! आजचे ब्रेक आजच बघावे लागतात.

आणि घाटात इंजिन बंद करून गाडी सोडू नका. न्यूट्रलवर तर मुळीच नको. डिझेल वाचतं म्हणून अजूनही कित्येकजण हे करतात. ब्रेकला जोर देणारा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो, आणि डिझेल गाडीत तो व्हॅक्यूम इंजिनावर फिरणारा पंप तयार करतो. इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरताच तो उरतो. मग पेडल दगडासारखा घट्ट होतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका अवजड वाहनाने चाळीसहून जास्त गाड्यांना ठोकरलं. ब्रेक निकामी झाले असं आधी वाटलं. पुढे उतारावर इंजिन बंद केल्याचं पोलिसांनी सांगितलं. जुने ड्रायव्हर सांगायचे ते लक्षात ठेवा: घाट ज्या गिअरने चढाल, त्याच गिअरने उतरा. बराचसा भार मग इंजिन घेतं आणि ब्रेक थंड राहतात.

वडाप चालवणाऱ्या, काळी-पिवळी चालवणाऱ्या भावांनो, तुमच्यासाठी तर हे दुप्पट कळकळीने लिहितोय. तुमच्या गाडीत बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या असतात, शाळा-कॉलेजच्या मुली असतात. मागे लोंबकळणारी पोरं असतात. गाडीत माणसं वाढली की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर वाढतं. वेग दुप्पट झाला तर ते चौपट होतं. ती माणसं तुमच्या पायावर विश्वास टाकून बसलेली असतात. एक दिवसाचा धंदा बुडेल, बुडू द्या. चाकं उतरवा.

घरातल्या बायकांनाही सांगणं आहे. वहिनी, काकू, आई, तुम्ही गाडीत बसण्याआधी विचारा. "ब्रेकचं काम झालं का?" एवढंच विचारा. "हो, हो, झालंय" असं उत्तर आलं तर बिल दाखवायला सांगा. याचा राग कुणी मानणार नाही. मानला तरी विचारा.

गॅरेजला जाईपर्यंत घरीच करता येण्यासारख्या दोन-तीन गोष्टी आहेत. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, घट्ट झाला की दाबून धरा आणि गाडी चालू करा. पेडल थोडा खाली बसला पाहिजे. नाही बसला, तर बूस्टरमध्ये दोष आहे. मग इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट जोराने दाबून धरा. तो हळूहळू तळाकडे जात असेल, तर मास्टर सिलेंडर गेलाय किंवा कुठेतरी गळती आहे. थोडं फिरून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एखादंच चाक जास्त तापलेलं असेल, करपल्याचा वास येत असेल, तर तिथला ब्रेक अडकलेला आहे. आणि डबीतलं ऑइल सारखं कमी होत असेल तर नुसती भर घालत बसू नका. ते जातंय कुठे, हे शोधा.

नवे पॅड, नवे लायनर घातलेत, की लगेच घाटात जाऊ नका. पहिले दोन-तीनशे किलोमीटर सपाटीवर, हलक्या ब्रेकने चालवा, म्हणजे ते नीट बसतात. म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशी हे काम करून भागत नाही. आजच गॅरेज गाठा. गणपतीच्या आठवड्यात मेकॅनिकला मान वर करायला फुरसत नसते. तेव्हा तो चाकं उतरवणार नाही, आणि तुम्हालाही घाई असेल.

आज संध्याकाळी गाडी लावाल तेव्हा चारही चाकांखाली आणि इंजिनाखाली जुने पेपर पसरा. सकाळी बघा. एकाही पेपरवर तेलकट डाग दिसला तर गाडी जागची हलवू नका. मेकॅनिकला घरी बोलवा.