छंद म्हटलं की मजुरी बुडते

‘हॅण्डमेड विथ लव्ह’ या तीन शब्दांचा मला हल्ली राग येतो. इन्स्टाग्रामवर पॅराकॉर्डचं ब्रेसलेट असतं, मॅक्रमेची किल्ली अडकवायची दोरी असते, आयकार्डसाठी विणलेली रंगीत लॅनयार्ड असते आणि खाली हे शब्द. हात कुणाचा, ते कुठेच नाही. प्रेमाचा उल्लेख आहे, मजुरीचा नाही. माझं म्हणणं सरळ आहे: दोरीला गाठी मारणं हे कसबाचं काम आहे, आणि त्याला ‘छंद’ म्हणणं ही त्याची मजुरी बुडवायची सगळ्यात सभ्य पद्धत आहे.

आधी काम काय आहे ते बघू. पॅराकॉर्ड ही मुळात पॅराशूटची दोरी. तिच्यावरचा ‘550’ हा आकडा म्हणजे 550 पौंड, साधारण 250 किलो ताण पेलण्याची क्षमता. तिचं सगळ्यात जास्त दिसणारं ब्रेसलेट एकाच गाठीवर उभं असतं. मधे दोन दोऱ्या ताणलेल्या, कडेच्या दोन त्यांच्याभोवती एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. बाजू बदलायला विसरलात की पट्टी सपाट राहत नाही, जिन्यासारखी पिळत जाते. ताण प्रत्येक गाठीला सारखाच हवा. सुरुवातीची एक गाठ चुकली, तर तिच्यानंतरच्या सगळ्या सोडून परत याव्या लागतात. आमच्याकडे याला बग म्हणतात, आणि तो शोधायचा पगार मिळतो.

तुलना ओढूनताणून केलेली नाही. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम अक्षरशः ओवलेला होता. अमेरिकेतल्या वॉल्थॅमच्या रेथिऑन कारखान्यात बायका बारीक तार चुंबकीय कड्यांतून ओवत. तार कड्यातून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. इंजिनिअरांनी त्या मेमरीला काय नाव ठेवलं? ‘म्हाताऱ्या बायकांची मेमरी’. लिहिणाऱ्याचं ते सॉफ्टवेअर, ओवणारीची ती थट्टा.

आपल्याकडेही गाठीला मान कुठे मिळतो ते बघा. जानव्यातली ब्रह्मगाठ. अनंताच्या दोऱ्याच्या चौदा गाठी. या गाठी पवित्र. पण मंगळसूत्र रेशमात गाठवून देणारा पटवेकरी सराफाच्या पायरीवर बसतो, आणि आपण सोन्याच्या घडणावळीवर तासभर घासाघीस करून त्याच्या हातावर सुटे पैसे ठेवतो. लग्नगाठ, खूणगाठ, गाठीशी असलेला अनुभव: भाषेत गाठीला केवढी किंमत! बाजारात मात्र दोरीचा भाव वेगळा आणि बांधणारीचा वेळ फुकट.

मी सरावलीत राहतो. सकाळी बोईसर स्टेशनच्या रस्त्यावर गळ्यागळ्यात आयकार्डची दोरी दिसते. ती दोरी सांगते की या माणसाचा वेळ कुणीतरी मोजतंय. पगार कमी असेल, कंत्राट असेल, पण गेटवर हजेरी तरी लागते. इथून फार लांब नसलेल्या सातपाटीला जा. जाळं आता मशिनवर विणून येतं, पण फाटलं की हातानंच सांधावं लागतं. निसरड्या नायलॉनवर न सरकणारी गाठ, आणि प्रत्येक घर सारख्याच मापाचं. याला वीकेंड वर्कशॉपमध्ये कुणी ‘माइंडफुलनेस’ म्हणत नाही. कारण ते करणारी माणसं वर्कशॉपची फी भरणाऱ्यांतली नाहीत.

आता हिशेब. समजा, एका ब्रेसलेटला वीस मिनिटं लागतात आणि घरी काम करणाऱ्या बाईला नगामागे पाच रुपये मिळतात. म्हणजे तासाला पंधरा. याच तासात माझ्यासारखा माणूस मीटिंगमध्ये माइक बंद करून बसतो आणि तोही तास क्लायंटच्या बिलात लागतो.

‘पण त्या फावल्या वेळात करतात ना?’ हा ठरलेला प्रश्न. फावला वेळ म्हणजे फुकट वेळ नव्हे. मीही घरूनच काम करतो, सोफ्यावर बसून. माझा पगार कुणी सोफ्याचे पैसे वजा करून देत नाही. ‘बाजारभावच तेवढा आहे’, हा दुसरा प्रश्न. मग किमान वेतन कशाला ठरवलं? 1948 च्या किमान वेतन कायद्यात, ठरावीक उद्योगांपुरता का होईना, माल घरी नेऊन तयार करून देणाराही कर्मचारीच मानला होता. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 177 क्रमांकाचा करार 1996 मध्ये झाला. भारतानं तो मंजूर केलेला नाही. म्हणजे हे कुणाला सुचलंच नव्हतं, असं नाही. सोयीचं नव्हतं.

छंद असणाऱ्यांशी माझं भांडण नाही. स्वतःसाठी, मित्रासाठी बांधा, फ्रेंडशिप डेला वाटा. पण विकायला काढलंत, तर ‘विथ लव्ह’च्या जागी दोन आकडे छापा: किती मिनिटं लागली आणि बांधणाऱ्या हाताला किती रुपये मिळाले. विकत घेणाऱ्यांनो, तुम्हीही डीएममध्ये ‘प्राइस प्लीज’ विचारता, त्याच्याच खाली हे दोन प्रश्न टाका. जो खरंच नीट पैसे देतो, त्याला उत्तर द्यायला आवडेल. जो देत नाही, तो तुम्हाला ब्लॉक करेल. तेही उत्तरच आहे.