चौकशी चोराच्या खिडकीवर

गिरणगावातला चाकरमानी कुडाळ तालुक्यातल्या आपल्या घरी मनिऑर्डर करी, तेव्हा त्याच्या हाती पोस्टाची पावती येई. पैसे पोचले नाहीत तर ती पावती खिडकीवर ठेवून त्याला जाब विचारता येत असे. आणि पलीकडच्या कारकुनाला, कितीही कंटाळा आला तरी, रजिस्टर उघडावे लागे. ते मनिऑर्डरचे कोकण आता राहिलेले नाही. आज त्याच घरातला माणूस रेशनसाठी, गॅससाठी, पीकविम्यासाठी, सिमकार्डासाठी आधारची झेरॉक्स देतो, यंत्रावर अंगठा टेकवतो आणि मोबाइलवर आलेला ओटीपी समोरच्याला वाचून दाखवतो. या देण्याची पावती त्याला कोणी देत नाही. ती माहिती पुढे कोणाच्या हाती गेली, हे विचारण्याची खिडकीही त्याला कोणी दाखवत नाही.

खिडकी नव्हती असे म्हणणेही पूर्ण खरे नाही. १२ जून २०२३ रोजी देशाला अशी एक खिडकी दिसली. टेलिग्रामवरील एका स्वयंचलित खात्यात कोणाचाही मोबाइल क्रमांक घातला की त्या क्रमांकावर कोविड लशीसाठी नोंदलेल्या माणसांची नावे, जन्मसाल, ओळखपत्राचा क्रमांक आणि लस घेतलेले केंद्र समोर येत होते. कोविन व्यवस्थेत एका क्रमांकावर आधी चार आणि जानेवारी २०२२ पासून सहा जणांची नोंद करण्याची मुभा होती. ज्या कोकणात म्हाताऱ्या आईबापांची ऑनलाइन कामे मुंबईतल्या मुलाच्या मोबाइलवरून होतात, तेथे या सोयीचा अर्थ एवढाच की एका क्रमांकामागे सारे घर उभे होते.

सरकारचे उत्तर काय होते? आरोग्य मंत्रालयाने या बातम्या निराधार व खोडसाळ ठरविल्या. त्याच दिवशी केंद्रीय माहिती तंत्रज्ञान राज्यमंत्र्यांनी सांगितले की कोविन थेट फोडले गेल्याचे दिसत नाही. त्या खात्याजवळची माहिती पूर्वीच चोरीला गेलेली दिसते. मंत्र्यांचे म्हणणे मान्य केले तरी प्रश्न संपत नाही, उलट तेथेच सुरू होतो. पूर्वी म्हणजे कधी? कोठून? आणि कोणाकोणाची? ज्याची माहिती गेली त्या नागरिकाला यातले काहीही कळविण्याची गरज कोणालाच वाटली नाही. आपले नाव त्या ढिगात आहे काय, हे ज्यांना जाणून घ्यायचे होते त्यांना चोराच्याच दारी जाऊन, त्यालाच आपला क्रमांक देऊन, विचारावे लागले. चोराने उत्तर दिले. राज्यसंस्थेने दिले नाही.

खाजगी भांडवलाची रीत निराळी नाही. मे २०२१ मध्ये डॉमिनोज या पिझ्झा विकणाऱ्या साखळीच्या भारतातील ग्राहकांची माहिती चोरांनी अशीच शोधता येईल अशा रीतीने मांडली. १८ कोटी मागण्यांचा तपशील जवळ असल्याचा त्यांचा दावा होता. कंपनीने पैशांच्या व्यवहाराची माहिती सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. माणूस कोठे राहतो, हे जणू माहितीत मोडतच नाही! आणि जो सांगतो त्याचे काय होते, हेही देशाने पाहिले आहे. जानेवारी २०१८ मध्ये 'ट्रिब्यून'च्या बातमीदार रचना खैरा यांनी अवघ्या ५०० रुपयांत आधारच्या माहितीपर्यंत पोचता येते असे दाखवून दिले, तेव्हा आधार प्राधिकरणाच्या तक्रारीवरून नोंदलेल्या गुन्ह्यात त्यांचेही नाव आले.

प्रामाणिक खिडकी जगात एक आहे. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ साली 'हॅव आय बीन पोन्ड' नावाची विनामूल्य व्यवस्था सुरू केली. तेथे ई-मेलचा पत्ता दिला की तो कोणत्या ज्ञात चोरीत सापडला आणि सोबत कोणत्या प्रकारची माहिती गेली, हे कळते. ज्यांच्याकडे ई-मेल आहे त्यांनी तिचा उपयोग अवश्य करावा. नकारार्थी उत्तराचा अर्थ मात्र निर्धास्तपणा नव्हे, कारण जी चोरी उघडकीस आली नाही ती तेथे नसते. पण यातला वर्गीय भेद नजरेआड करता येणार नाही. ही खिडकी ई-मेलवाल्याची आहे. नेरूर-माणगावच्या शेतमजूर बाईची ओळख ई-मेलने होत नाही. ती आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि मोबाइल क्रमांकाने होते, आणि तो मोबाइलही पुष्कळदा मुलाचा असतो. इंजिनिअर आपला पासवर्ड बदलील. तिने अंगठा कसा बदलावा?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर कायदा यायला सहा वर्षे लागली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या आठव्या कलमात, माहिती फुटल्यास संस्थेने मंडळाला आणि प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवावे, असे कर्तव्य घातले आहे. हे स्वागतार्ह आहे. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध करताना या कर्तव्याला आणखी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. न कळविल्यास २०० कोटींपर्यंत दंड आहे. मात्र तो भारताच्या एकत्रित निधीत जमा व्हायचा आहे. ज्याचे नुकसान झाले त्याच्या वाट्याला छदामही नाही. जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ४३-अ कलमात भरपाईची वाट होती. ते कलमच वगळण्याची तरतूद नव्या कायद्याने केली आहे. युरोपच्या २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यात भरपाई मागण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. येथे उलट, खोटी वा क्षुल्लक तक्रार केल्यास नागरिकालाच १०,००० रुपयांपर्यंत दंडाचा धाक आहे! शिवाय याच कायद्याने माहितीच्या अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम अधिक बंदिस्त केले, आणि त्यासाठी अठरा महिने थांबण्याची गरज कोणाला भासली नाही.

कळून तरी उपयोग काय, असे म्हणणारे कार्यकर्तेही भेटतात. उपयोग आहे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आधार कोठे कोठे वापरले गेले याची मागील सहा महिन्यांची नोंद पाहता येते. बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात. मात्र कुलूप असताना रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, हे आधी नीट समजावून सांगावे लागते. नाहीतर माणूस धान्याविना परतेल आणि कार्यकर्त्याला शिव्या देईल. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे 'संचार साथी'वर दिसते. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर पहिल्या तासाभरात तक्रार करण्याला महत्त्व आहे.

कुडाळच्या आठवडा बाजारात एक टेबल, एक फोन आणि दोन जाणती मुले एवढ्यावर हे काम उभे राहू शकते. त्याच टेबलावर दुसरे कामही व्हावे: ज्या पतपेढीने, बँकेने वा कार्यालयाने कागद घेतले तिला लेखी प्रश्न विचारावा, की कोणती माहिती घेतली, कोठे ठेवली, कोणाला दिली आणि ती फुटली आहे काय. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. उत्तर आले नाही, तर न आलेल्या उत्तराची नोंदही वहीत तारखेसह करावी.