यंत्राची मालकी व दुरुस्तीचा हक्क

गेल्या खरिपाच्या तोंडावर आमच्या सोसायटीच्या एका सभासदांची मालवाहू गाडी बियाणें व खत घेऊन येत असतां वाटेंतच मंदावली. समोरच्या फळीवर पिवळा दिवा लागला. पेडल कितीही दाबलें तरी वेग वाढेना. गांवच्या मिस्त्रीनें डिझेलची गाळणी बदलली, नळ्या तपासल्या, तारांवरून हात फिरविला. उपयोग झाला नाहीं. अखेर गाडी ओढून शहरांतील कंपनीच्या कारखान्यांत न्यावी लागली. तेथें दोन दिवस पाळी आली नाहीं. तिसऱ्या दिवशीं कारागिरानें एक लहानसें यंत्र गाडीस जोडलें, त्याच्या पडद्यावर दोषाचा आंकडा उमटला, आणि उंदरानें कुरतडलेली एक तार सांपडली. ती जोडण्यास दहा मिनिटेंही लागलीं नाहींत. परंतु तोंपर्यंत शेताचा वाफसा गेला होता, व पेरणी पुढच्या पावसापर्यंत लांबली.

या प्रसंगीं दोष असाध्य नव्हता, आणि आमचा मिस्त्रीही अडाणी नव्हता. तार जोडणें त्यास सहज आलें असतें. दोष कोठें आहे हें सांगणारें साधन मात्र त्याच्याजवळ नव्हतें. आधुनिक मोटारी व ट्रॅक्टर घरीं दुरुस्त होत नाहींत, अशी तक्रार आज प्रत्येक गांवीं ऐकूं येते. तिचें मूळ कोठें आहे याचा विचार करणें अगत्याचें वाटतें.

जुन्या डिझेल इंजिनाची रचना डोळ्यांस दिसणारी होती. पंपांतील दट्ट्या ठराविक क्षणीं तेल ढकली, दर चौरस सेंटिमीटरला सुमारें २०० किलो दाब झाला कीं नोजलची स्प्रिंग मागें सरे, आणि फवारा उडे. नळींत हवा शिरली तर सांधा ढिला करावा, हातपंप मारावा, बुडबुडे थांबले कीं सांधा आवळावा. हें काम शेतकऱ्याचा मुलगा बांधावर बसून करीत असे. हल्लींच्या ‘कॉमन रेल’ पद्धतीच्या इंजिनांत एका सामायिक नळींत १,६०० किलो किंवा त्याहूनही अधिक दाबाचें तेल भरलेलें असतें, आणि फवारा केव्हां व किती उडावा हें संगणक ठरवितो. इंजिनाचा वेग, उष्णता, आंत येणारी हवा, पेडलची स्थिति यांची खबर त्यास सेन्सर देत असतात. एखाद्याची खबर थांबली कीं तो सावधगिरी म्हणून इंजिनाची शक्ति कमी करतो. आमच्या सभासदांची गाडी मंदावली ती याच कारणानें. अशा इंजिनाची दाबनळी तें चालू असतां ढिली करणें म्हणजे जिवाशीं खेळ होय. तिच्यांतून निघणारी बारीक धार कातडी भेदून आंत शिरते. जुनी संवय येथें चालावयाची नाहीं, हें वाचकांनीं पक्कें लक्षांत ठेवावें.

हा बदल निष्कारण झालेला नाहीं. धुराचे नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०२० पासून नव्या मोटारींस ‘भारत स्टेज सहा’ हें मान लागू झालें; ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांसही १ जानेवारी २०२३ पासून अधिक कडक मर्यादा आल्या. स्प्रिंगच्या व दट्ट्याच्या जोरावर या मर्यादा पाळणें फार कठीण आहे. धूर शेवटीं आपल्याच मुलाबाळांच्या छातींत जातो. म्हणून अडचणीचा एवढा भाग आपण मुकाट्यानें सोसला पाहिजे.

परंतु दुसरा भाग निराळा आहे. त्याचा धुराशीं कांहीं संबंध नाहीं. नवा इंजेक्टर बसविल्यावर त्याचा सांकेतिक आंकडा संगणकास कळवावा लागतो, आणि तो कळविण्याचें साधन बहुधा कंपनीच्या विक्रेत्यापाशींच असतें. दुरुस्तीचें पुस्तक बाहेरच्या मिस्त्रीस मिळत नाहीं. एक लहानसा भाग बिघडला तरी सबंध जोडणीच विकत घ्यावी लागते. ज्यानें पुरी किंमत मोजली व ज्याच्या सातबारावर कर्जाचा बोजा चढला, त्यासच यंत्राचें दुखणें कळूं नये, ही मालकी कसली? विहीर आपली खरी, पण मोटेचा नाडा दुसऱ्याच्या घरीं!

कंपन्या म्हणतात कीं, साधनें खुलीं केल्यास लोक संगणकांत ढवळाढवळ करतील, धूर वाढेल व अपघात होतील. हें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. परंतु दोष वाचणें वेगळें आणि आज्ञावली बदलणें वेगळें. दुसऱ्यावर खुशाल निर्बंध असावा; पहिल्यावर कां?

या प्रश्नाकडे सरकारचें लक्ष गेलेलें नाहीं असेंही नाहीं. भारतीय स्पर्धा आयोगानें ऑगस्ट २०१४ मध्यें १४ मोटार कंपन्यांस मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग व दोष शोधण्याचीं साधनें स्वतंत्र कारागिरांस मिळूं न देणें, हा त्यांवरील ठपका होता. पुढें त्यावर अपिलें झालीं. जुलै २०२२ मध्यें केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिती नेमली, व तिच्या विषयांत शेतीचीं अवजारेंही घेतलीं. अमेरिकेंत कोलोरॅडो संस्थानानें २०२३ सालीं खास शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, व तो १ जानेवारी २०२४ पासून अमलांत आला. तेथील शेतकरी संघटित होऊन वर्षानुवर्षें मागत राहिले, म्हणून हें घडलें. समित्यांनीं वाट दिसते. हक्क कायद्यानेंच मिळतो.

तोंपर्यंत हातावर हात ठेवून बसणें आम्हांस मान्य नाहीं. यंत्र घेण्यापूर्वीं किमतीइतकीच चौकशी याचीही करावी कीं, सुटे भाग किती अंतरावर मिळतात, दोष वाचणारें साधन कोणापाशीं आहे, आणि हंगामांत कारागीर किती दिवसांत येईल. उत्तर लेखी घ्यावें. पिंपांतील डिझेल गाळल्याविना टाकींत ओतूं नये व गाळणींतील पाणी नियमानें काढावें, कारण जुना पंप जो कचरा पचवी तो नव्या इंजेक्टरास मारक आहे. गाडी व ट्रॅक्टर कडब्याच्या गंजीशेजारीं उभे करूं नयेत. तेथील उंदीर आतां कणसांइतकेच तारांवरही दांत धरून आहेत. मोटारींचे सामान्य दोष वाचणारें यंत्र बाजारांत मिळतें. तें एकट्यानें घेणें परवडत नसल्यास सोसायटीनें सर्वांकरितां घ्यावें, आणि गांवच्या मिस्त्रीस व एकदोन होतकरू मुलांस त्याचें शिक्षण द्यावें.

बैलाच्या खुरांत कांटा मोडला तर तो काढण्यास आपण कोणाची परवानगी मागत नव्हतों. यंत्राच्या बाबतींत तेवढीच मोकळीक आम्ही मागत आहों. येत्या वार्षिक सभेंत या विषयावर ठराव यावा व तो सरकारकडे जावा, अशी आमची सभासदांस आग्रहाची विनंती आहे.