शिसे, हातप्रेस आणि गिधाडे

बँकेत शाखाधिकारी असताना रखवालदाराची काडतुसे मोजून रजिस्टरवर सही करणे हे माझ्या कामांपैकी एक होते. आपला शस्त्र कायदा १९५९ सालचा. परवान्याशिवाय काडतूस बनवणे तर सोडाच, नुसते बाळगणेही गुन्हा. त्यामुळे अमेरिकेतला एखादा गृहस्थ गॅरेजमध्ये बसून स्वतःच्या रायफलसाठी गोळ्या घडवतो आणि केंद्राचा कायदा त्याला परवाना विचारत नाही, हे प्रथम वाचले तेव्हा खरे वाटेना. तिथला १९६८ चा कायदा परवाना मागतो तो धंदा करणाराकडे.

गोळी म्हणजे काडतुसाच्या टोकाचा, उडून जाणारा तुकडा. वर तांब्याचे पातळ कवच, आत शिसे. आपल्या घरी चकलीचा सोऱ्या असतो तसा त्यांच्याकडे हातप्रेस. दांडा दाबला की साच्यात शिसे कवचात घट्ट बसते. दुसऱ्या महायुद्धात गोळ्यांची टंचाई झाली तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये असे साचे केले. कवचासाठी वापरली पॉइंट बावीसची उडवलेली रिकामी काडतुसे! मोडीतून नवे करण्याची ही काटकसर कुठल्याही मध्यमवर्गीय मनाला पटावी. पुढे निशाणेबाजांनी या कामाची कला केली. वजन ते ग्रेनमध्ये मोजतात; एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. त्याच्याही दहाव्या हिश्शाचा फरक त्यांना खपत नाही. या चिकाटीबद्दल मला आदर आहे.

पण आता प्रश्न या छंदाचा राहिलेला नाही, शिशाचा झाला आहे.

हरणाला गोळी लागली की शिशाचे बारीक कण मांसात दूरवर विखुरतात. शिकारी आतडी रानातच टाकतो, ती कॅलिफोर्नियाचे काँडोर हे प्रचंड गिधाड खाते आणि विषबाधेने मरते. १९८२ साली जगात अवघे २२ काँडोर उरले होते. पिंजऱ्यात वाढवून, १९९२ पासून पुन्हा सोडून ही संख्या आज पाचशेच्या पुढे गेली आहे. तरी मोकळ्या काँडोरांचा सर्वांत मोठा काळ शिसेच. आपली गिधाडे डायक्लोफेनॅकने मारली, ते औषध जनावरांसाठी २००६ मध्ये बंद झाले. मेलेल्या जनावरातून विष चढण्याची तीच तऱ्हा.

कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून राज्यभर शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. पर्याय निखळ तांब्याच्या गोळीचा. इथेच घरच्या कारागिराची अडचण होते. शिसे मऊ, म्हणून तर ते माणसाच्या हाताच्या जोराला वळते. तांब्याची भरीव गोळी करायची तर बहुधा लेथ हवा. म्हणजे ज्या गुणामुळे हा उद्योग घरात आला, त्याच गुणामुळे ते शिसे हरणाच्या अंगात विखुरते. कायद्याने कारखान्याला फक्त माल बदलायला लावला; हातप्रेसवाल्याला मात्र निम्मी विद्याच सोडायला सांगितली. तो चिडला तर नवल नाही.

तरीही बंदी मला योग्य वाटते. अडचण अंमलाची आहे. दुकानातल्या पेटीवर छाप असतो, घरच्या गोळीवर काय असणार? रानात प्रत्येकाचा खिसा कोण तपासणार? हिशेबाच्या वहीवर आयुष्य काढलेला मी. पण इथे वही चालत नाही हे कबूल केले पाहिजे. शेजारच्या ॲरिझोनाने सक्ती केलीच नाही. काँडोरांच्या मुलखात तिथल्या वन्यजीव खात्याने २००५ पासून शिकाऱ्यांना बिनशिशाची काडतुसे फुकट दिली, आतडी रानात का टाकू नयेत ते समजावले. दहांतले आठ-नऊ शिकारी सामील झाले. राहिलेल्या एक-दोघांच्या शिशानेही पक्षी मरतात, कारण एकाच हरणाभोवती कितीतरी काँडोर जमतात.

कॅलिफोर्नियाचा हा कायदा शिकारीपुरता आहे. कागदी निशाण्यावर शिशाची गोळी झाडायला तो आड येत नाही, त्यामुळे ओरोव्हिलच्या त्या साच्यांचे वारस रविवारी सकाळी आजही दांडा दाबत बसलेले असतात. शिकारीला निघताना मात्र त्यांना आपल्या हातची गोळी घरी ठेवून दुकानातली विकत घ्यावी लागते.